वाचकांचे प्रश्न : पदवी अर्धवट सोडून वैमानिक व्हायला निघावे का?

प्रश्न : मी इंदूरच्या एका महाविद्यालयात शिकते. भौतिकशास्त्र, गणित आणि संगणकशास्त्र हे विषय घेऊन मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा नुकतीच दिली आहे. माझे वय 20 वर्षे, उंची 164 सेंटिमीटर असून मला चष्मा नाही. लहानपणी नवरात्रात आम्ही बिजासनीच्या दर्शनाला जात असू, तेव्हा बाबा टेकडीवरून खालच्या धावपट्टीवरची विमाने दाखवत; तेव्हापासून वैमानिक होण्याखेरीज दुसरे काही मनात आलेले नाही. बारावीनंतर घरी विषय काढला, तेव्हा ‘आधी पदवी घे, मग बघू’ असे ठरले. आता मात्र वर्गात बसवत नाही. परगावच्या एका फ्लाइंग स्कूलच्या प्रतिनिधीशी फोनवर बोलले, तर तो म्हणाला की बारावी पुरेशी आहे, तुमची दोन वर्षे वायाच गेली, आणि या महिनाअखेरपर्यंत दोन लाख रुपये भरले तरच जागा राखून ठेवता येईल. बाबा बँकेत आहेत व सहा वर्षांनी निवृत्त होतील. काकांचे म्हणणे, गावाबाहेरचा प्लॉट विकून टाका. आईचे म्हणणे, पीएससी कर. मी पदवी सोडावी का? हवाई दल बरे की विमान कंपनी? आणि कर्ज काढावे का?
— एक विद्यार्थिनी, सुदामानगर, इंदूर

उत्तर : पदवी सोडू नका आणि महिनाअखेरीस दोन लाख भरू नका, हे दोन्ही आधीच सांगून टाकतो.

प्रतिनिधीने सांगितले त्यातला एक भाग खरा आहे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी, ज्याला सगळे सीपीएल म्हणतात, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय म्हणजे डीजीसीए पदवी मागत नाही. वयाची 18 वर्षे पूर्ण असावीत, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असावे, पहिल्या वर्गाची वैद्यकीय पात्रता असावी, लेखी परीक्षा उत्तीर्ण असाव्यात आणि किमान 200 तासांचे उड्डाण झालेले असावे, अशा परवान्याच्या मुख्य अटी आहेत. पण त्यावरून तुमची दोन वर्षे वाया गेली असे म्हणणे हा विक्रेत्याचा हिशेब झाला. उद्याच महाविद्यालयातून नाव काढले, तरी परवा तुम्ही विमानात बसणार नाही. वैद्यकीय तपासणी, बारावीच्या गुणपत्रिकेची मंडळाकडून पडताळणी, परीक्षेला बसण्यासाठी लागणारा डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर आणि मग एकेक लेखी परीक्षा, या सगळ्यात सहज आठ-दहा महिने जातात, आणि यांपैकी बहुतेक कामे सुदामानगरातल्या घरी बसून करता येण्यासारखी आहेत. तेवढ्याच काळात तुमचे तिसरे वर्ष संपते. म्हणजे पदवी सोडून जो वेळ वाचेल असे तुम्हाला वाटते, तो वाचतच नाही.

सर्वांत आधी करायचे काम म्हणजे वैद्यकीय तपासणी. पैसे भरून बसल्यावर डोळ्यांत किंवा कानांत काही निघाले आणि सगळा बेत फिसकटला, असे होऊ शकते, म्हणून हा क्रम बदलू नये. आधी डीजीसीएने नेमलेल्या डॉक्टरांकडून दुसऱ्या वर्गाची तपासणी होते आणि मग त्या आधारे पहिल्या वर्गाची, जी हवाई दलाच्या ठराविक केंद्रांत आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांत करून घ्यावी लागते. दृष्टी, रंगांची ओळख, श्रवण, हृदयाचा आलेख, छातीचा एक्स-रे, रक्त-लघवी असे सगळे तपासले जाते. पहिल्याच फेरीत ‘तात्पुरते अपात्र’ असा शेरा मिळाला तर घाबरून जाण्याचे कारण नाही. हिमोग्लोबिन कमी भरले किंवा वजन प्रमाणाबाहेर असले तरी तो मिळतो, आणि उपचारानंतर फेरतपासणी होते. रंगांधळेपणाचे तसे नाही. ठिपक्यांच्या चकतीतला आकडा ओळखण्याची चाचणी इंदूरमधल्या कोणत्याही चांगल्या नेत्रतज्ज्ञाकडे होते, ती याच आठवड्यात करून घ्या. हा दोष मुलींमध्ये क्वचित असतो, तरीही खात्री झालेली बरी.

आता वर्गात बसवत नाही याविषयी. तुमचे विषय वाणिज्याचे असते, तर उत्तर थोडे निराळे दिले असते. पण तुम्ही ज्या बाकावर कंटाळून बसला आहात, तिथे वैमानिकाच्याच कामाच्या गोष्टी शिकवल्या जात आहेत. एक उदाहरण घ्या. इंदूरच्या धावपट्टीचे नाव 07/25 आहे, म्हणजे तिची दिशा साधारण 70 आणि 250 अंशांची आहे. समजा तुम्ही 25 या बाजूने उतरत आहात आणि नियंत्रण कक्षाकडून वारा 220 अंशांवरून 14 नॉट, म्हणजे ताशी 14 सागरी मैल, असल्याचे कळते. धावपट्टी आणि वारा यांच्यातला कोन 30 अंशांचा, त्याची ज्या, म्हणजे साइन, निम्मी. म्हणजे 7 नॉटचा वारा आडवा लागणार आणि साधारण 12 नॉटचा समोरून येणार. आडव्या वाऱ्यासाठी विमानाचे नाक किती वळते ठेवायचे आणि टेकण्याच्या क्षणी पायाने रडर दाबून ते सरळ कसे करायचे, हे हाताला सवयीनेच येईल, परंतु आकडा काही सेकंदांत डोक्यात यावा लागतो, आणि तो सदिशांचे गणित ज्याला पाठ नव्हे तर उमगलेले आहे त्याच्याच डोक्यात येतो.

दुसरे उदाहरण उन्हाळ्याचे. इंदूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 1,850 फूट उंच आहे, आणि त्या उंचीवर प्रमाण वातावरणाचे तापमान साधारण 11 अंश धरले जाते. मे महिन्यातल्या दुपारी पारा 42 अंशांवर असतो, तेव्हा वैमानिक विमानतळाच्या उंचीत प्रत्येक जादा अंशामागे ढोबळमानाने 120 फूट मिळवतो. 31 अंशांचे झाले सुमारे 3,700 फूट. याचा अर्थ असा की धावपट्टीवर उभे असलेले छोटे प्रशिक्षण विमान त्या दुपारी साडेपाच हजार फुटांवरच्या विरळ हवेत उभे असल्यासारखे वागते. आपल्या राज्यातले सर्वांत उंच शिखर धूपगड आहे, आणि ही उंची त्याच्याही वर जाते. पंख्याला हवा कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो, धाव लांबते आणि चढण मंदावते. वायूंचे नियम तुम्ही पहिल्या वर्षात ज्या समीकरणांनी शिकलात, त्यांचाच हा व्यवहार आहे. तिसऱ्या वर्षाची पुस्तके या नजरेने उघडून पाहा. कंटाळा पूर्ण जाईल असे म्हणत नाही, पण अभ्यासाला धरून बसण्यासाठी एक कारण हाती येईल.

त्याच वर्षात डीजीसीएच्या लेखी परीक्षा सुरू करा. एअर नॅव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि तांत्रिक विषय असे हे पेपर असतात, उत्तीर्ण होण्यासाठी 70 टक्के गुण लागतात, आणि रेडिओवर बोलण्याच्या परवान्याची, म्हणजे आरटीआरची, परीक्षा वेगळी असते. नॅव्हिगेशन सर्वांत अवघड समजले जाते, पण गणिताची पदवी घेणाऱ्या मुलीने त्याची धास्ती घेऊ नये. नियमांचा पेपर निव्वळ पाठांतराचा आहे आणि मला विचाराल तर तो तुम्हाला जास्त छळेल. विद्यापीठाच्या परीक्षेच्या महिन्यात हे सगळे बाजूला ठेवा. लेखी परीक्षांचा निकाल परवान्यासाठी पाच वर्षे ग्राह्य धरला जातो, त्यामुळे आधी पेपर काढून ठेवले आणि मग उड्डाणाला गेले तर नुकसान नाही. उलट फ्लाइंग स्कूलच्या वसतिगृहात राहून पेपरसाठी महिने घालवणाऱ्यांपेक्षा तुमचा खर्च कमी होईल.

एवढे सांगूनही तुम्ही थांबणारच नसाल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. नव्या शैक्षणिक धोरणाखाली प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते, आणि क्रेडिट बँकेत जमा झालेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे ग्राह्य राहतात. तुमच्या महाविद्यालयात ही सोय कशी राबवली जाते, ते कार्यालयात लेखी विचारून घ्या. नाव काढून टाकणे आणि नियमाप्रमाणे थांबणे यांत फार फरक आहे.

पैशाकडे येऊ. 200 तासांच्या प्रशिक्षणाचा खर्च आज साधारण 50 लाखांच्या आसपास आणि अनेक ठिकाणी त्याहून पुष्कळ वर जातो. त्यानंतर एअरबस 320 किंवा बोइंग 737 सारख्या एका ठराविक विमानाचे प्रशिक्षण, ज्याला टाइप रेटिंग म्हणतात, ते वेगळे, आणि त्याचे दहा-वीस लाख वेगळे. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांवर गेले की बँक साधारणपणे तारण मागते, म्हणजे प्लॉट विकला नाही तरी तो किंवा राहते घर गहाण पडणार. 40 लाखांचे कर्ज 11 टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे म्हटले, तर महिन्याचा हप्ता सुमारे 55 हजार रुपये येतो. हे गणित तुमच्या बाबांना माझ्यापेक्षा चांगले येते. त्यांच्या ‘मग बघू’मध्ये तुमच्या स्वप्नाला विरोध आहे असे तुम्ही धरून चालला आहात, पण निवृत्तीला सहा वर्षे उरलेला बँकेतला माणूस हप्त्याचा विचार करतोय, असे मला पत्रावरून वाटते. त्यांच्याबरोबर कागद-पेन घेऊन एक संध्याकाळ बसा.

या धंद्यात मागणी नाही असे मुळीच नाही. 2023 मध्ये एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 विमानांच्या मागण्या नोंदवल्या, आणि ती विमाने उडवायला माणसे लागणारच आहेत. परंतु याच देशात 2012 मध्ये किंगफिशर, 2019 मध्ये जेट एअरवेज आणि 2023 मध्ये गो फर्स्ट बंद पडली, 2020 च्या टाळेबंदीत देशांतर्गत उड्डाणे दोन महिने पूर्ण थांबली, आणि परवाना हातात असलेली शेकडो मुले त्या-त्या वेळी हप्ते भरत घरी बसली. शिवाय वैमानिकाची नोकरी दर वर्षीच्या वैद्यकीय तपासणीवर टांगलेली असते. गुडघ्याची एक दुखापत किंवा मधुमेहाची सुरुवातसुद्धा काही काळ जमिनीवर बसवू शकते. अशा वेळी बारावी पास आणि बी.एस्सी. पास यांच्यासमोर उघडणारी दारे सारखी नसतात.

यातले एक दार तर विमानतळावरच आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरण हवाई वाहतूक नियंत्रणाच्या कनिष्ठ कार्यकारी पदासाठी भौतिकशास्त्र आणि गणित घेतलेल्या बी.एस्सी. पदवीधरांना पात्र धरते आणि वयोमर्यादा 27 वर्षांची आहे. ती नोकरी म्हणजे वैमानिकी नव्हे, आणि तुम्ही लगेच नाक मुरडाल हेही मला ठाऊक आहे, परंतु पगार चांगला आहे, दिवसभर विमानांशीच बोलायचे असते, आणि काही वर्षांची बचत हाताशी घेऊन उड्डाणाच्या शिक्षणाला निघालेल्या माणसाला प्लॉट विकावा लागत नाही.

हवाई दलाचा प्रश्न तुम्ही मध्येच, एका ओळीत विचारला आहे. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तिथे प्रशिक्षणाचा खर्च सरकार करते आणि प्रशिक्षणार्थीला विद्यावेतनही मिळते, मात्र तुमच्या वयाला तिथे शिरण्याचा रस्ता पदवीवरूनच जातो. एएफकॅट ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. उड्डाण शाखेसाठी अभ्यासक्रम सुरू होताना वय 20 ते 24 असावे लागते, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणितात प्रत्येकी किमान 50 टक्के आणि तीन वर्षांच्या पदवीत किमान 60 टक्के गुण लागतात, आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी अर्ज करू शकतात. डीजीसीएचा चालू परवाना असणाऱ्यांना वयात 26 पर्यंत सवलत आहे. म्हणजे तिसऱ्या वर्षात पाऊल टाकताच हे दार तुमच्यासाठी उघडते, आणि पदवी सोडलीत तर ते बंद होते. रीवाकडच्या अवनी चतुर्वेदी यांनी बनस्थली विद्यापीठातून संगणकाची बी.टेक. पदवी घेतली, तिथल्याच फ्लाइंग क्लबात विमानाची पहिली चव चाखली, 18 जून 2016 रोजी त्या देशाच्या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिकांपैकी एक झाल्या, आणि फेब्रुवारी 2018 मध्ये त्यांनी मिग-21 एकट्याने उडवले.

तुमची 164 सेंटिमीटर उंची 162.5 या किमान मर्यादेच्या वर आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण तिथे बसलेली उंची, पायाची आणि मांडीची लांबीही मोजतात, कारण कॉकपिटमध्ये पाय पेडलपर्यंत पोहोचले पाहिजेत आणि आणीबाणीत आसनासकट बाहेर फेकले जाताना गुडघे कशावर आदळता कामा नयेत. लेखी परीक्षेनंतर निवड मंडळासमोर काही दिवसांच्या चाचण्या असतात, आणि उड्डाण शाखेसाठी त्यात संगणकावरची वैमानिक निवड चाचणी असते. ती आयुष्यात एकदाच देता येते. अनुत्तीर्ण झाल्यास उड्डाण शाखेचा मार्ग कायमचा बंद होतो. त्यामुळे ‘सहज एकदा देऊन बघते’ या वृत्तीने तिथे जाऊ नये. निवड झाल्यास सेवा साधारण 14 वर्षांची असते, आणि त्यानंतर विमान कंपन्यांकडे वळलेले वैमानिक पुष्कळ आहेत. हवाई दल म्हणजे फुकटात मिळणारा परवाना, असे समजून मात्र जाऊ नका. तो सैन्यातला अधिकाऱ्याचा पेशा आहे आणि मुलाखत घेणाऱ्यांना हा फरक लगेच कळतो.

माझा क्रम म्हणून असा राहील : या महिन्यात डोळे, पुढच्या दोन महिन्यांत दुसऱ्या वर्गाची आणि मग पहिल्या वर्गाची तपासणी, तिसऱ्या वर्षासोबत एएफकॅटचा अर्ज आणि डीजीसीएचे दोन पेपर. पैशाचा निर्णय पदवीच्या निकालानंतर.

त्या दोन लाखांविषयी शेवटचे. फ्लाइंग स्कूल निवडताना ती डीजीसीएच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे पाहाच. 2025 पासून डीजीसीए अशा संस्थांची श्रेणीही जाहीर करू लागली आहे. पण खरी चौकशी तिथे जाऊन करायची असते. हँगरमध्ये किती विमाने आहेत यापेक्षा आज सकाळी त्यांपैकी किती उडाली, हे विचारा. प्रत्येक प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी आहेत, ते विचारा. कॅन्टीनमध्ये बसलेल्या एखाद्या मुलाला मागच्या महिन्यात लॉगबुकात किती तास चढले ते विचारा, आणि उत्तर देण्याआधी तो हसला तर काय समजायचे ते समजा. पावसाळ्यात आणि उत्तरेकडच्या धुक्यात उड्डाणे थांबतातच, तो कोणाचा दोष नाही; परंतु विमाने सुट्या भागांसाठी महिनोन्महिने उभी राहत असतील तर वर्षाचे दोन वर्षे होतात आणि वसतिगृहाचे भाडे तुम्हीच भरता. फी टप्प्याटप्प्याने, उडालेल्या तासांप्रमाणे घेणारी आणि परताव्याचे नियम लेखी देणारी संस्था शोधा. महिनाअखेरची मुदत देऊन घाई करणारी संस्था पुढच्या महिन्यातही तीच मुदत देईल.

प्रश्न : आमचे घर ग्वाल्हेरला महाराजपुऱ्याच्या हवाई तळापासून फार लांब नाही, आणि मिराज विमानांच्या आवाजातच मुलगा लहानाचा मोठा झाला. तो बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, बारावीला वाणिज्य शाखा होती, त्यात गणित होते पण भौतिकशास्त्र नव्हते. दूरचे दिसण्यासाठी त्याला चष्मा आहे. पदवीनंतर वैमानिक होता येईल, असे त्याला मित्रांनी सांगितले आहे. खरे आहे का?
— एक आई, ग्वाल्हेर

उत्तर : नागरी विमानांपुरते खरे आहे. डीजीसीएला बारावीच्या पातळीचे भौतिकशास्त्र हवे आहे, आणि ते राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत, म्हणजे एनआयओएसमधून, एक विषय म्हणून देता येते. तिथल्या परीक्षा वर्षातून दोन वेळा होतात, तेव्हा बी.कॉम.चा निकाल लागेपर्यंत हा विषयही निघू शकतो. पुस्तक पाठ करून जेमतेम पास होण्यात मात्र अर्थ नाही, कारण पुढच्या तांत्रिक पेपरात तेच भौतिकशास्त्र पुन्हा समोर येते. ग्वाल्हेरात एखादे चांगले शिक्षक गाठून प्रकाश आणि आधुनिक भौतिकी थोडी बाजूला ठेवली तरी चालेल, पण बल, गती, द्रव, उष्णता आणि वीज ही प्रकरणे नीट करून घ्यावीत. चष्मा नागरी परवान्याच्या आड येत नाही. चष्म्याने दृष्टी ठरलेल्या प्रमाणात पूर्ण झाली पाहिजे आणि रंग ओळखता आले पाहिजेत.

मिराजचे म्हणाल, तर हवाई दलाच्या उड्डाण शाखेत दूरचे दिसण्यासाठी चष्मा असलेल्याला प्रवेश नाही. लेझर शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांचा विचार काही अटींवर होतो, जसे की ती वयाच्या विसाव्या वर्षाआधी झालेली नसावी आणि डोळ्याच्या गोलाची लांबी ठराविक मर्यादेत असावी. केवळ निवडीसाठी घाईने शस्त्रक्रिया करून घेण्याआधी हवाई दलाच्या वैद्यकीय निकषांचा ताजा कागद नेत्रतज्ज्ञाच्या समोर ठेवावा. त्यांच्याकडे लेखा आणि प्रशासनाच्या जमिनीवरच्या शाखाही आहेत, आणि वाणिज्य पदवीधराला लेखा शाखेत अर्ज करता येतो. तो पर्याय मुलाला आवडतो का, हे त्यालाच विचारा.